दाखल्याखालची सही तुमचीच आहे

साहेब,

गेल्या महिन्यात सातारा एमआयडीसीत तुमच्या टेबलासमोर मी दहा-बारा मिनिटं बसले होते. तुम्ही माझी फाईल उघडलीत, पेनाचं टोक तारखांवरून फिरवलंत आणि विचारलंत, "मॅडम, तुम्ही कुठंच टिकत का नाही? सात महिने, सहा महिने, परत सात. आणि पुढं हा सहा वर्षांचा गॅप?" मी बोलायला तोंड उघडेपर्यंत तुम्ही फाईल मिटलीत. "कळवतो," म्हणालात. तेव्हा राहिलेलं उत्तर आज सगळ्यांसमोर देते.

तुम्ही मला ओळखलं नाहीत, मी तुम्हाला दारातच ओळखलं. 2017 साली कुपवाड एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी डिप्लोमा करून लागले, तिथं तुम्ही पर्सोनेलला होता. तुम्ही ज्या तारखांवर पेन फिरवत होता, ते माझे अनुभवाचे तीन दाखले. वर तीन वेगवेगळ्या ठेकेदारांची नावं आणि तिन्हींच्या खाली कंपनीतर्फे एकच सही. ती तुमची. स्वतःची सही समोर असताना तुम्ही मला विचारलंत, टिकत का नाही.

मी इन्स्पेक्शनला होते. बोअरमध्ये प्लग गेज घालायचं. 'गो' बाजू सहज आत गेली पाहिजे, 'नो-गो' बाजू तोंडाशीच अडली पाहिजे. उलट झालं की पीस लाल ट्रेमध्ये. पहिल्या पाळीला तीनशेच्या वर पीस हातांखालून जायचे. संध्याकाळी भाकरी थापताना बोटांना कटिंग ऑइलचा वास यायचा. सात महिने झाले आणि एका सकाळी गेटवर माझं कार्डच सापडेना. सुपरवायझर बाहेर येऊन म्हणाले, "ताई, ब्रेक लागलाय. उद्यापासनं येऊ नका, महिन्यानं फोन करतो." महिन्यानं फोन आला. कार्डावर ठेकेदार नवा, मी नवी भरती. टेबल मात्र तेच होतं. ज्या व्हर्निअरच्या डबीवर मी खिळ्यानं माझं आडनाव कोरलं होतं, ती डबीसुद्धा जागेवर होती. असा ब्रेक तीनदा लागला.

हे का होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की कामगाराला कायद्याचा आधार मिळायला सुरुवात होते. म्हणून दिवस भरायच्या आत ब्रेक द्यायचा आणि परत घेताना ठेकेदाराचं नाव बदलायचं, म्हणजे मागचे दिवस पुढच्या दिवसांत धरायला नकोत. माणसांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायम कामगाराच्या हक्कांपासून लांब ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्रानं 1971 साली कायद्यात लिहून ठेवलं. त्यालाही पन्नास वर्षं उलटली. त्या कायद्यावर परीक्षा देऊन तुम्ही नोकरीला लागलात, साहेब. आम्हाला त्याचं नाव कळलं ते ब्रेक लागल्यावर.

आणि तोटा फक्त पगाराचा नसतो. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. दर सहा-सात महिन्यांनी महिना-दीड महिना घरी बसवलेल्या माणसाची दहा वर्षं भरायला किती वर्षं लागतात, ते एकदा तुमच्या कॅल्क्युलेटरवर मांडून बघा. माझ्या पासबुकात त्या महिन्यांच्या जागा कोऱ्या आहेत.

आता त्या मोठ्या गॅपचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी तुमच्या तिसऱ्या ब्रेकवर होते. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45 फूट. गावभागातल्या आमच्या घरात पाणी आठवडाभर होतं. ते ओसरल्यावर मी डिप्लोमाची सर्टिफिकेटं पत्र्यावर वाळत घातली. त्यांवरचे चिखलाचे डाग तुम्ही पाहिलेत, पण त्याबद्दल काही विचारलं नाहीत. कायम कामगारांना कारखान्यानं बोलावून घेतलं. माझा फोन वाजलाच नाही. पुढं लग्न होऊन साताऱ्याला आले, टाळेबंदी आली, मुलगी झाली, सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. चार वर्षं त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, दवाखान्यात नेणं मी केलं, आणि रात्री गल्लीतल्या दहावीच्या पोरांना गणित शिकवलं. हा काळ मी रिकामा घालवला असं तुमचा फॉर्म म्हणतो. मला ते मान्य नाही.

तुमच्या केबिनच्या भिंतीवर कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो आहे. साताऱ्यात तो असणारच. अण्णांचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. मॅट्रिक झाले नाहीत. साताऱ्यात घरोघर शिकवण्या केल्या. कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात गोवले जाऊन तुरुंगात हाल सोसले. ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले, साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात काम केलं, आणि मतभेद होताच तेही सोडलं. 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली तेव्हा त्यांची तिशी उलटली होती. त्यांचा अर्ज तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही त्यांनाही विचारलं असतं, कुठंच टिकत का नाही? त्या भटकंतीत अण्णांनी गावोगावची शाळेबाहेरची पोरं पाहिली. त्यातून वसतिगृहं उभी राहिली, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरात पहिलं शिकलेलं माणूस तयार झालं. त्यांच्या फोटोखाली बसून असा प्रश्न विचारताना जरा तरी अडखळायला हवं होतं.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूरही आपल्याच भागातलं. औंध संस्थानानं तिथं जन्मठेपेच्या कैद्यांना बेड्यांशिवाय शेती करायला दिली. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ' सिनेमामागची प्रेरणा तीच. खुनाची शिक्षा भोगणाऱ्यावर ज्या मुलखानं विश्वास टाकला, तिथं सासूची सेवा केलेल्या बाईवर विश्वास टाकायला तुम्हाला पुरावा लागतो!

आता पुढचीही पोरं रांगेत आहेत. माझा धाकटा दीर 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कचेरीत लागला. सहा महिने, पुढं वाढवून मिळालेले पाच, महिना दहा हजार. अकरा महिने झाले आणि घरी बसला. तो तुमच्याकडं येईल तेव्हा त्याच्या कागदावरही अकरा महिने आणि पुढं मोकळी जागा दिसेल. त्याला तोच प्रश्न विचारू नका.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला आता पाचाऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. तुमचं गणित आता 240 दिवसांवरून अकराव्या महिन्यावर सरकेल, ही माझी धास्ती आहे. तसं करू नका. एखादी पोरगी दिवसाला तीनशे पीस तपासत असेल, तर तिला बारावा महिना त्याच टेबलावर काढू द्या.

आणि परत कामावर येऊ बघणाऱ्यांसाठी एवढंच करा. टेबलावर दहा पीस ठेवा, त्यांत दोन बाद ठेवा, हातात गेज द्या. पाच मिनिटांत तुम्हाला कळेल की माणूस काम विसरलंय की नाही. त्या दिवशी मी पर्समध्ये माझा स्वतःचा व्हर्निअर घेऊन आले होते. तुम्ही तो काढायची वेळ येऊ दिली नाहीत.

माझ्या तिन्ही दाखल्यांच्या प्रती तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवल्या आहेत. प्रत्येकाखाली एक ओळ वाढवून द्या, 'मधला खंड आमच्याकडून देण्यात आला होता', आणि पुन्हा सही करा. पोचपावती माझ्याकडं आली आहे, दाखले अजून आलेले नाहीत.