तीन रंगांच्या वायरी

केळीच्या पट्टीचे पैसे हातात आले अन् अर्धापूरच्या आमच्या मामांनी ५५ इंची फोर-के टीव्ही आणि होम थिएटर आणलं. पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ब्याऐंशी लाखांवर ठिपके. चित्र मात्र डिशच्या डब्यातून येतं ते जुन्या पिवळ्या वायरीतून, जिची ऐपत ५७६ ओळींची. विहिरीवर साडेसात एचपीची मोटार बसवायची अन् तिला सलाइनची नळी जोडायची, त्यातलाच प्रकार.

एचडीएमआय वायर जगात येऊन दोन दशकं उलटली. त्याच एका वायरीनं टीव्हीचा आवाज उलटा स्पीकरकडं नेणारी ‘एआरसी’ची सोय २००९ पासूनची. मामांच्या टीव्हीमागं तसं छापलेलंही आहे. पण टीव्हीमागं भिंत आहे, वाचणार कोण?

पाच स्पीकर शोकेसमध्ये ओळीनं उभे, शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखे. मागचे दोन मागं ठेवले तर वायरीत पाहुण्यांचे पाय अडकतात म्हणे. सबवूफरवर मामींची फुलदाणी. ती नाचली की आवाज चांगला.

नांदेडच्या दुकानदारानं सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबलही गळ्यात मारली होती. एक आणि शून्याचा हिशेब साध्या केबलमधूनही तितकाच नीट पोचतो, सोन्यानं रंग उजळत नाहीत, हे मी मामांना समजावलं. निदान ती तरी जोडा म्हटलं.

ती मामींनी तिजोरीत ठेवलीय. सोन्याची ना.