चेटकिणीची बोटं, साजूक तुपातली

लेकीकडे जायचं, तूपरोटी खाऊन लठ्ठ व्हायचं आणि भोपळ्यात बसून परत यायचं, हा आपल्याकडच्या म्हातारीचा जुना कार्यक्रम. २०२४च्या ऑक्टोबरात मी न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे पोचले, तेव्हा दारोदार भोपळे तयारच होते. फक्त त्यांना दात होते.

हॅलोविन! ३१ ऑक्टोबरला पोरं भुतांचे कपडे घालून घरोघर गोड मागत हिंडतात, एवढं मला ठाऊक होतं. त्याआधी आठवडाभर त्यांच्या आया स्वयंपाकघरात काय करतात, ते नव्हतं. मी बॅग उघडतेय तोवर लेक म्हणाली, "आई, बोटं वळायला येतेस?"

चेटकिणीची बोटं म्हणजे आपली नानकटाईच, फक्त तुपाच्या जागी लोणी. मी अर्थातच तूप घातलं. करंगळीहून बारीक वळ्या करायच्या, पेरांवर सुरीने आडव्या रेघा मारायच्या, टोकाला सोललेला बदाम नखासारखा खोचायचा. भाजून निघाल्यावर बुडाशी लाल जॅम फासायचा, म्हणजे बोट आत्ताच कुणाच्या तरी हातातून उपटल्यासारखं दिसतं. पहिल्या ताटातली बोटं भट्टीत फुगली आणि संधिवात झाल्यासारखी बाहेर आली. नातवाने एकदा ती बघितली, एकदा माझे हात बघितले आणि शहाण्यासारखा गप्प बसला.

मग डोळे. डब्यातल्या लिचीच्या पोटात लाल जॅम भरायचा आणि तोंडाशी ब्लूबेरी बसवायची. वाडगाभर डोळे फ्रिजमधून माझ्याकडे टक लावून बघत होते. रात्री पाणी प्यायला उठले तर मीच दचकले. सात वर्षांचा नातू मात्र येता-जाता त्यातले दोन-दोन गट्ट करत होता. भिववायला केलेल्या या खाऊला पोरं काही भीत नाहीत. भितात ती मोठी माणसं, आणि त्यांची कारणं वेगळी असतात.

आमच्या जावईबापूंचंच घ्या. तिसरा पदार्थ होता कबरस्तान: चॉकलेट पुडिंगवर ओरिओचा चुरा ही माती, उभी खोचलेली लांबट बिस्किटं ही थडगी आणि मातीतून वळवळत वर येणाऱ्या जेलीच्या अळ्या. जावईबापू शुद्ध शाकाहारी. त्यांनी अळ्यांचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली आणि चेहरा पाडला. जिलेटिन! डुकराच्या कातड्यापासून काढतात. घरात बोटं चालली, डोळे चालले, थडगीही चालली. सोवळं मोडलं ते अळीपाशी. तीन दुकानं पालथी घातल्यावर पेक्टिनच्या, म्हणजे फळांपासूनच्या अळ्या मिळाल्या. शाकाहारी अळ्या! आपल्याकडे वांग्यात निघाली तर वांगं फेकतो, इथे ती निवडून विकत आणली.

आणि एवढं सगळं झाल्यावर नातवाच्या शाळेची चिठ्ठी आली. वर्गातल्या पार्टीला घरी केलेलं काहीही आणू नये. दुकानातलं, सीलबंद, वर घटकांची यादी छापलेलंच चालेल. शेंगदाण्या-बदामाची ॲलर्जी पोरांच्या जिवावर बेतू शकते, हे कारण मला पटतं. आमच्या बोटांना तर नखंच बदामाची होती. पण दाराशी येणाऱ्या मुलांच्या हातावरही घरचं काही ठेवायचं नाही म्हणे. तिथे ॲलर्जीपेक्षा जुनं भूत आहे.

एके काळी अमेरिकेत या रात्री शेजारीपाजारी घरची बिस्किटं, सफरचंदं, पॉपकॉर्नचे लाडू वाटत. मग वावडी उठली की अनोळखी माणसं खाऊत विष घालतात. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९५८पासूनची वर्तमानपत्रं चाळली. अनोळखी माणसाने असा विषारी खाऊ वाटून मूल मारल्याचं एकही प्रकरण त्यांना सापडलं नाही. विषाने गेलेलं एक पोर खरंच आहे: १९७४, टेक्सास, आठ वर्षांचा मुलगा, सायनाइड. ते दिलं होतं त्याच्या सख्ख्या बापाने, विम्याच्या पैशांसाठी. गुन्हा बापाचा आणि बंदी शेजारच्या आजीच्या लाडवांवर. कारखाने तेवढे निर्दोष सुटले.

त्या कारखान्यांची करणी म्हणून कँडी कॉर्न खाऊन बघितलं. पिवळा, केशरी, पांढरा असा मक्याच्या दाण्यासारखा साखरेचा दाणा. तो १८८०च्या दशकात फिलाडेल्फियात जन्मला म्हणतात. पूर्वी तो कोंबड्यांचा दाणा म्हणून विकत आणि खोक्यावर कोंबडा छापत. खाल्ल्यावर वाटलं, कोंबड्यांनी तक्रार केली असणार.

घारग्यांचंही सांगून टाकते. भोपळा कोरताना निघालेला गर लेक कचऱ्यात टाकत होती, मला राहवेना. पण हे भोपळे कोरण्यासाठीच पिकवलेले, पाणचट आणि धागेदार. गूळ घातला, कणीक घातली. घालावी तेवढी कणीक तो पीत गेला. शेवटी जे तळून निघालं ते मात्र खरोखर भीतीदायक होतं.

त्या वर्षी आपल्या पंचांगात नरकचतुर्दशीही नेमकी ३१ ऑक्टोबरला. गोव्यात नरकासुराचे पुतळे जळून राखही झाली असेल, तेव्हा एडिसनमध्ये आम्ही काळोखात नातवाला उटणं लावत होतो. आमच्या कोकणात या पहाटे डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडतात, तोच नरकासुर; त्याचा कडूजहर रस जिभेला लावायचा. एडिसनच्या दुकानांत उटणं मिळतं, मोती साबण मिळतो, कारीट मिळत नाही. मी फ्रिज उघडला. वाडग्यात एकच डोळा उरला होता.

बाथरूमच्या दारात तो ठेवला. नातवाने अंगठा नेमका ब्लूबेरीवर टेकवला आणि दाबला. लाल जॅम थेट भिंतीपर्यंत उडाला. मी त्याच्या कपाळाला टिळा लावला, बोट त्याच्या जिभेवर टेकवलं आणि कडू तोंडाची वाट बघत राहिले.

नातवाने ओठ चाटले आणि दुसरा नरकासुर मागितला.