शेवाळखाऊ माशाची नेमणूक : इच्छुकांसाठी मार्गदर्शक सूचना

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आणलेला माणूस पहिले काही आठवडे मासे बघतो आणि त्यानंतर काच. काचेवर आधी तपकिरी धूळ बसते, मग हिरवी झाक येते, मग आतल्या खडकाला दाढी फुटते. अशा वेळी काच पुसणं, पाणी बदलणं आणि खाणं कमी करणं हे तीन उपाय उपलब्ध असतात. पण तिन्ही स्वतःच करावे लागतात, म्हणून सुज्ञ माणूस ते बाजूला ठेवतो आणि शेवाळ खाणाऱ्या माशाच्या शोधात निघतो. पुढील सूचना अशा सुज्ञांसाठी आहेत. क्रम बदलू नये.

१. कामाचं स्वरूप ठरवा

नव्या टाकीतली तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की ती बहुधा आपली आपण जाते. नेमका याच काळात मासा आणला तर सगळं श्रेय त्याला मिळतं. कर्तबगार मासा हवा असेल त्याने ही संधी दवडू नये.

वाळूवर पसरलेला लालसर, बुळबुळीत पापुद्रा हे शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया आहेत आणि त्यांच्यावर ताव मारणारा मासा बाजारात नाही. हिरव्या काचेच्या मण्यांसारखे फुगे दिसले तर ते व्हॅलोनिया. ते टाकीत फोडू नयेत, पसरतात. खडकावरचा गुलाबी-जांभळा टणक थर हे कोरॅलाइन शेवाळ. तो खरवडू नये. तो यावा म्हणून लोक पैसे मोजून बाटल्या आणतात. पाहुण्यांनी विचारलं तर "मुद्दाम वाढवलंय" असं सांगावं. उरलेल्या हिरव्या मामल्यासाठी पद रिक्त आहे, असं समजावं.

२. निवासस्थान मोजा

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं. वाळू आणि खडक घातल्यावर त्याहून कमी. पुढच्या यादीतल्या सर्वांत लहान उमेदवारालाही शंभर-सव्वाशे लिटर लागतात आणि टँग जातीच्या माशाला किमान चार फुटांची लांबी हवी, कारण तो दिवसभर येरझारा घालतो. दोन फुटी टाकी असणाऱ्यांनी माशाचा नाद सोडून ट्रोकस गोगलगायी आणाव्यात. त्या मुकाट्याने काच साफ करतात आणि उलट्या पडल्या तरी स्वतः सरळ होतात. अ‍ॅस्ट्रिया गोगलगायींना मात्र आपण हात द्यावा लागतो.

पण गोगलगाय दाखवायला कोणी पाहुणे बोलावत नाही. त्यामुळे बहुतेक वाचक या टप्प्यावर टाकीच मोठी घेतात. चार बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत नुसतं पाणीच साडेचारशे किलोच्या वर भरतं. आपण तळमजल्यावर राहत नसाल तर हा परिच्छेद सोसायटीच्या सचिवांच्या हाती पडू देऊ नये.

३. उमेदवारांची छाननी

लॉनमोअर ब्लेनी : सर्वाधिक शिफारसपत्रं याच्याकडे. चेहरा कायम तक्रारीचा, डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. पोहण्यापेक्षा खडकावर बसून घराची पाहणी करणं त्याला आवडतं. दात बारीक आणि असंख्य. काच खरवडली की ओठांचे ठसे मागे राहतात. मात्र निसर्गात याच्या पोटात जातो तो बराचसा शेवाळात अडकलेला गाळ. म्हणजे शेवाळ हे त्याच्या दृष्टीने ताट आहे. आपण ते जेवण समजतो. टाकीवर झाकण हवं, कारण तो उडी मारतो.

यलो टँग : पिवळाधमक, देखणा आणि त्याची पुरेपूर जाणीव असलेला. मूळ गाव मुख्यतः हवाई. तिथे २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणीय परीक्षणाशिवाय शोभेचे मासे पकडण्याच्या परवान्यांना चाप लावला आणि या माशाचा भाव चढला. त्याआधी २०१५ मध्ये हवाईतल्याच ओशॅनिक इन्स्टिट्यूटने याची बंदिस्त पैदास पहिल्यांदा यशस्वी केली होती. शक्यतो असा पैदाशीतलाच मासा मागावा. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, तो नंतर आलेल्या सहकाऱ्यांवर चालवला जातो. म्हणून याची नेमणूक सर्वांत शेवटी करावी. समुद्रात याने चाळिशी गाठल्याच्या नोंदी आहेत. वीस वर्षांचं गृहकर्ज काढताना बँक जितके प्रश्न विचारते, तितके इथे स्वतःला विचारावेत.

कोले टँग : दात ब्रशसारखे. खडकावरचा पातळ थर आणि गाळ छान उचलतो. लांब केसाळ शेवाळ हे आपल्या कार्यकक्षेबाहेरचं आहे असं त्याचं मत आहे आणि ते बदलत नाही.

फॉक्सफेस : केसाळ शेवाळ खातो, कधीकधी व्हॅलोनियाचे फुगेही. स्वभावाने भित्रा, घाबरला की अंगावर गडद डाग पडतात. पाठीवरचे काटे विषारी. टाकीत हात घालताना तो कुठे आहे ते आधी पाहावं. काटा टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवावा, कारण त्या विषाचा जोर उष्णतेने उतरतो. आणि डॉक्टरांकडे जावं. "शेवाळ काढायला गेलो होतो" हे डॉक्टरांना पटवून देण्याची तयारी ठेवावी.

अपात्र उमेदवार दोन. पहिला निळा टँग, ज्याला घरातली मुलं २००३ मधल्या 'फाइंडिंग निमो'पासून डोरी म्हणतात. तो मुख्यतः पाण्यातले तरंगते सूक्ष्मजीव खातो आणि फुटभर वाढतो. मुलांचा हट्ट हे गुणपत्रकात धरू नये. दुसरा सकर मासा. गोड्या पाण्याच्या टाकीत त्याने नाव कमावलेलं असल्याने अनेकजण त्याला खाऱ्या पाण्यातही नेमायला बघतात. मीठ त्याच्या शरीरातलं पाणी शोषून घेतं आणि तो मरतो. गैरसमजातून झालेल्या या बदलीवर अपील नाही.

४. मुलाखत

मुंबईकरांनी क्रॉफर्ड मार्केटकडे जावं. इतरांनी आपापल्या शहरात. "हा शेवाळ खातो का?" हा प्रश्न विचारू नये, कारण "साहेब, सगळं खातो" हे उत्तर जगात कुठेही मिळतं. त्याऐवजी म्हणावं, "दादा, आत्ता माझ्यासमोर त्याला काहीतरी खायला घाला ना." मासा खायला धावला तर पुढे बोलावं. पोट आत गेलेलं असेल, पाठीची कड धारदार दिसत असेल तर तो मासा आधीच उपाशी आहे. भुकेला आहे म्हणजे आपलं शेवाळ भराभर संपवेल, हा हिशेब चुकीचा; तो बहुधा आठवडाही काढत नाही.

५. परिविक्षाकाळ

नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा. टँग मंडळींना अंगावर पांढरे ठिपके उमटवणाऱ्या परजीवीची बाधा चटकन होते आणि त्यावरचं तांब्याचं औषध मुख्य टाकीत घातलं तर गोगलगायी आणि कोळंब्या मरतात. या वेगळ्या टाकीत शेवाळ नसतं. म्हणजे शेवाळ खाण्यासाठी नेमलेल्या माशाला पहिला महिना आपण पोसतो. नोकरशाहीशी परिचय असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

६. भत्ते

मुख्य टाकीत आल्यावर मासा उत्साहाने काच चाटतो. मात्र बोटभर वाढलेलं केसाळ शेवाळ बहुतेक मासे टाळतात. आखूड, कोवळं तेवढं खातात. म्हणून ते आधी आपण हाताने उपटून द्यावं. उरलेलं तो संपवतो आणि मग उपाशी राहू लागतो. तेव्हा सुशीसाठी मिळणारी नोरी आणावी, मीठ-मसाला न लावलेली, आणि चिमट्याने काचेला लावावी. नोरी म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. घरातलं फुकटचं शेवाळ संपवण्यासाठी नेमलेल्या माशाला आपण आता विकतचं शेवाळ घालत आहोत, हे लक्षात आल्यास ते मनातच ठेवावं.

७. लेखापरीक्षण

हा भाग वगळला तरी चालेल, बहुतेकजण वगळतातच. शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेटवर वाढतं. ती दोन्ही मुख्यतः आपण घातलेल्या खाण्यातून येतात आणि नळाचं पाणी वापरत असाल तर त्यातूनही. मासा शेवाळ खातो, पचवतो आणि त्यातलं बरंचसं फॉस्फेट विष्ठेवाटे त्याच पाण्यात परत करतो. टाकीबाहेर काहीच जात नाही. बाहेर जातं ते बदललेल्या पाण्यातून, पाणी गाळणाऱ्या स्किमरच्या कपात जमलेल्या घाणीतून आणि हाताने उपटलेल्या शेवाळातून.

आता आत काय येतं ते मोजावं. आजोबांची सकाळची चिमूट. मुलगी शाळेतून आली की तिची चिमूट. संध्याकाळी "बिचारे काचेला तोंड लावून बसलेत" म्हणून आईची चिमूट. रात्री टीव्हीसमोर आपली. प्रत्येकाची चिमूट एकच असते आणि कोणाचीच दुसऱ्याला माहीत नसते. नवा मासा आला की त्याच्या नावाने पाचवी सुरू होते. खाण्याचा डबा एकाच माणसाच्या ताब्यात देणं हा शेवाळावरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे, पण त्याने घरात जे वातावरण तयार होतं त्यावर कोणताही मासा उपयोगी नाही.

८. अंतिम निवड

निवड पक्की करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा मासा शेवाळाला तोंडही लावणार नाही असं आधीच कळलं असतं, तरी आपण तो आणला असता का? त्याला पुरेशी जागा, रोजचं खाणं आणि पुढची कित्येक वर्षं द्यायची तयारी असेल तर खुशाल आणावा. काच चाटली तर तो त्याचा मोठेपणा. उत्तर नाही असं आलं तर घरातला जुना टूथब्रश स्वच्छ धुऊन घ्यावा. त्याला परिविक्षाकाळ लागत नाही, नोरी लागत नाही, तो दोन फुटी टाकीतही चालतो आणि केसाळ शेवाळाबद्दल त्याला स्वतःचं मत नसतं.