मृगयेचा सरंजाम

मॅडिसन, विस्कॉन्सिन
डिसेंबरचा पहिला आठवडा

तीर्थरूप दादा यांस, धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम. गेल्या पत्रातील हिमवर्षावाचे वर्णन ऐकून वहिनींनी ‘येडा व्हयना का हाऊ?’ असा शेरा मारल्याचे कळले. तो शेरा मी दप्तरी दाखल करून घेतला आहे. प्रस्तुतचे पत्र मात्र त्याहून गंभीर बाबीसंबंधी असल्याने ते वहिनींना वाचून दाखवण्यापूर्वी आपण एकवार एकांतात वाचावे, ही विनंती. बाब अशी की, चौतीस वर्षे तहसील कचेरीत लेखणीखेरीज दुसरे शस्त्र हाती न धरलेला आणि ढेकणांपलीकडे कोणत्याही प्राणिमात्राच्या हत्येचे पातक शिरावर नसलेला आपला हा बंधू गेल्या महिन्यात हरणाच्या शिकारीस जाऊन आला. रक्तपात झाला नाही, हे आधीच नमूद करतो, म्हणजे पुढचा मजकूर आपण स्वस्थ चित्ताने वाचाल.

चिरंजीवाच्या शेजारी सत्तरी उलटलेले एक गृहस्थ राहतात. आखाजी जवळ आली म्हणजे आपल्या खान्देशात जशा लेकीबाळींना माहेराची ओढ लागते, तशी नोव्हेंबर लागला की या प्रांतातील पुरुषांना रानाची ओढ लागते. थँक्सगिव्हिंग नावाचा त्यांचा सण गुरुवारी येतो, त्याच्या अगोदरच्या शनिवारी बंदुकीच्या शिकारीस आरंभ होतो आणि ती नऊ दिवस चालते. या गृहस्थांनी चिरंजीवास आमंत्रण दिले, चिरंजीवाने भिडेखातर होकार दिला, आणि मी घरात एकटा बसून करणार काय, या करुणेपोटी मलाही बरोबर घेण्याचे ठरले.

येथील कायद्याचे एक कलम ऐकून माझ्यातला कारकून जागा झाला. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या इसमास शिकारशिक्षणाचा दाखला असल्यावाचून शिकारीचा परवाना मिळत नाही. त्यापूर्वी जन्मलेल्यास मात्र या अटीतून माफी आहे. म्हणजे ज्याने बंदूक कशी धरावी याचे रीतसर धडे गिरवले, त्या चिरंजीवास परीक्षा. आणि ज्याला बंदुकीची नळी कोणती व दस्ता कोणता हे विचारून घ्यावे लागते, तो मी केवळ १९५१ चा जन्म या एकाच पुण्याईवर उत्तीर्ण! अर्थात परवाना मी काढला नाही. आपल्या देशाने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि पेन्शन त्याच देशाची घेतो. तेव्हा केवळ प्रेक्षक म्हणून हजर राहावे, असा मी स्वतःशी ठराव केला.

परंतु प्रेक्षकालाही थंडी वाजते. म्हणून सरंजाम खरेदी करण्यास आम्ही एका दुकानात गेलो. ते दुकान म्हणजे आपल्या सोनगीरची अख्खी बाजारपेठ एका छपराखाली कोंबावी एवढे अवाढव्य होते, आणि तेथील तरुण विक्रेत्याने चिरंजीवाच्या गळ्यात असा एक अंगरखा बांधला की, त्याने हात हलवताच वाळलेल्या कडब्यात बैल शिरल्यासारखी सळसळ व्हावी. शेजारी गृहस्थांनी घरी तो पाहिला, त्याची बाही दोनदा चोळली आणि मान हलवली. हरणाच्या कानांपुढे कापडाने मौन पाळले पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम.

दुसरा नियम ऐकून मात्र, दादा, माझ्या खान्देशी काळजाला घर पडले. मी आत सुती गंजिफ्रॉक, वर सुती बंडी आणि त्यावर सुती सदरा घालून तयार झालो होतो. ते पाहून गृहस्थ म्हणाले की, इकडे रानात जाणाऱ्यांत एक म्हण आहे, ‘कापूस जीव घेतो’. ज्या कापसावर आपल्या धुळे-जळगावच्या तीन पिढ्या जगल्या, ज्याच्या गाड्या जिनिंगच्या दारी रात्रभर रांगेत उभ्या राहिल्या, त्याच्यावर परमुलखात खुनाचा आळ! मी खुलासा मागितला. तो त्यांनी दिला आणि न्यायबुद्धीने मला मान्य करावा लागला. चालताना घाम येतो, कापूस तो पिऊन घेतो आणि सोडत नाही. मग मनुष्य एका जागी बसला की ते ओले वस्त्र अंगाची ऊब शोषत राहते. वैशाखात सोनगीरला पारा चव्वेचाळीसवर जातो तेव्हा जो गुण आपल्याला तारतो, तोच येथे शून्याच्या खाली मारतो. लोकर मात्र आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही आणि भिजली तरी पुष्कळशी ऊब राखते.

हे ऐकताच मी माझ्या खोलीत गेलो आणि ठेलारी मेंढपाळाकडून आपण मला घेऊन दिलेली ती काळी घोंगडी बाहेर काढली. सूनबाईने तिला आजवर घरात उघडी पडू दिले नव्हते. गृहस्थांनी ती बोटांत चोळली, हुंगली, खांद्यावर घेऊन आरशासमोर उभे राहिले आणि किंमत विचारली. मी सांगितली. दुकानात मेरिनो मेंढीच्या लोकरीचा मोज्यांचा एक जोड पंचवीस डॉलरला मिळतो. ते काही वेळ बोललेच नाहीत.

तथापि घोंगडीची बाजू एका ठिकाणी लंगडी पडली. येथील कायद्याप्रमाणे बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याच्या कमरेवरील प्रत्येक बाह्यवस्त्राचा निदान निम्मा भाग भडक नारिंगी असावा लागतो. २०१६ पासून भडक गुलाबीसही मुभा मिळाली आहे. हे बंधन शिकाऱ्याला असले तरी शहाणा प्रेक्षकही ते पाळतो, कारण काळी घोंगडी पांघरून झुडपाआड ओणवा बसलेला म्हातारा पन्नास पावलांवरून अस्वलाहून वेगळा दिसत नाही. म्हणून घोंगडीवर नारिंगी बंडी चढली. उरली माझी पांढरी टोपी. ती पाहताच गृहस्थांचा चेहरा गोरामोरा झाला. येथील हरणाची शेपटी खालून शुभ्र असते, आणि ते बिथरले की ती निशाणासारखी उभारून पळते. सबब रानात पांढरे वस्त्र, पांढरा रुमालसुद्धा, वर्ज्य. ज्या टोपीने मला कचेरीत चौतीस वर्षे अब्रू दिली, ती येथे हरणाची शेपटी ठरली!

आपण विचाराल की, एवढा भडक रंग हरणाला दिसत नाही काय? मलाही तीच शंका आली. त्याचे उत्तर असे की, हरणाच्या डोळ्यांस तांबडा-नारिंगी रंग आपल्यासारखा कळतच नाही, तो त्याला मळकट भासतो. निळा मात्र त्याला चांगला दिसतो आणि कपडे उजळ करणाऱ्या साबणाची झळाळीही दिसते. म्हणजे माणसाला जे वस्त्र ओरडून हाक मारते, ते हरणापुढे मुके. आणि वहिनी ज्या नीळ घातलेल्या सदऱ्यांचा एवढा अभिमान बाळगतात, ते त्याच्या दृष्टीने भर दुपारचा कंदील. परिणामी त्या शनिवारी पहाटे आम्ही पेट्रोल पंपावर थांबलो, तेव्हा जिकडे पाहावे तिकडे काषायवस्त्रधारी मंडळी कॉफी पीत उभी होती. एवढे संन्यासी मी नाशिकच्या सिंहस्थाखेरीज एकत्र पाहिले नव्हते, आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या मोटारीत बंदूक होती.

बुटांविषयी विस्तार करीत नाही. जाड मोजे मावावेत म्हणून ते अर्धा नंबर मोठे घ्यावेत, घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटे प्रथम तेथेच गारठतात, एवढे पुरे. वास हे मात्र स्वतंत्र प्रकरण. गृहस्थांची शिकारीची वस्त्रे पंधरा दिवस बाहेरच्या पडवीत टांगलेली असतात. आमची आदल्या रात्रीपर्यंत स्वयंपाकघरालगतच्या कपाटात होती, आणि त्या रात्री सूनबाईने शेवभाजी केली होती. हिंग-लसणाच्या त्या फोडणीवर उपाय म्हणून गृहस्थांनी आम्हाला वाऱ्याच्या खालच्या अंगास बसवले, त्याखेरीज त्यांनाही काही सुचले नाही.

आपल्या मळ्यात ज्वारीच्या राखणीला माळा बांधतात, तशी मचाणे येथे झाडांवर असतात; परंतु त्यांवरून पडून शिकारी फार जायबंदी होतात, अंगाला पट्टा बांधून घेतल्याशिवाय चढूच नये अशी ताकीद असते. आम्हा दोन वृद्धांच्या दृष्टीने गृहस्थांनी जमिनीवरची राहुटीच पसंत केली. सूर्योदयास अर्धा तास असताना आम्ही तीत स्थिर झालो. पारा शून्याखाली नऊ. गृहस्थांनी माझ्या हातात एक पुडी दिली. ती उघडून हवेला लावताच गरम होऊ लागली. आत लोखंडाची भुकटी असते, ती हवेने गंजते आणि गंजताना ऊब देते. तांब्या-पितळेत जन्म घालवलेल्या आपल्यासारख्या कारागिराला गंज विकून कोणी श्रीमंत होतो हे कसे वाटेल, याचा विचार करीत मी तासभर काढला. मला औट्रमसाहेबाचीही आठवण झाली. १८२५ साली त्याने आपल्या खान्देशात भिल्ल पलटण उभारली, धरणगावास तिचे ठाणे झाले, आणि त्याच भिल्लांच्या सोबतीने त्याने वाघ मारले. त्या भिल्लांपाशी तीर-कामठा व लंगोटी याखेरीज काय सरंजाम होता? अर्थात त्यांना विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरात कोणी बसवले नव्हते.

आठाच्या सुमारास एक हरिणी आली. मागे तिची दोन पाडसे होती. वीस पावलांवर ती उभी राहिली, तिच्या नाकातून वाफ निघत होती. गृहस्थांनी बंदूक सावकाश खांद्याला लावली; नायलॉनचा अंगरखा घरी ठेवून आलेला चिरंजीव श्वाससुद्धा घेत नव्हता. माझ्या मांडीवर दशम्यांचा डबा होता, आपण स्वहस्ते मठारलेला, पितळेचा. त्याचे झाकण माझ्या हातून निसटले आणि खालच्या पोलादी थर्मासवर पडले.

दादा, आपल्या तांबट आळीत सकाळी पहिला ठोका पडतो, तोच नाद! क्षणभर मी सोनगीरला होतो, किल्ल्याच्या पायथ्याशी. डोळे उघडून पाहतो तो तीन पांढऱ्या टोप्या झाडांतून दूर दूर चालल्या होत्या.

झाकण निसटले की सोडले, याविषयी चिरंजीवाने परतीच्या वाटेवर माझा खुलासा मागितला. थंडीने बोटे बधिर झाली होती, असा जबाब मी दिला आहे आणि तो बदलण्याचा माझा इरादा नाही. गृहस्थ मात्र रागावले नाहीत. त्यांनी बंदूक खाली ठेवली, पोट धरून हसले, तीन दशम्या लसणाच्या चटणीशी खाल्ल्या आणि तो डबा बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

आता मुद्द्याची विनंती. उन्हाळ्यात हीच हरणे या गृहस्थांच्या परसातील रोपे फस्त करतात, त्यांच्यावर कोणताही उपाय चालत नाही, आणि तसा एक डबा आपल्याला मिळेल काय, असे त्यांनी मला दोनदा विचारले आहे. जानेवारीत सूनबाईचा भाऊ धुळ्याहून निघेल. त्याला विमानात तेवीस किलोंची एक पेटी नेता येते. तीत त्यांच्यासाठी एक घोंगडी आणि आपल्या हातचा एक डबा घालावा. कल्हई नको, खर्च वाढतो. झाकण मात्र थोडे सैल ठेवावे.

आपला आज्ञाधारक,
धाकटा