रिकामपणाचा दाखला

उभी हयात तहसील कचेरीत गेलेल्या माणसाला ‘काम करायचं नाही’ असं कोणी लेखी दिलं, तर त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. माझ्या ब्रिटिश व्हिसाचा अर्थ मुलानं फोनवर असाच सांगितला : काम नाही, आणि सरकारी पैशाला हात नाही. या दोन्ही अटी मी नोकरीतही बऱ्यापैकी पाळल्या होत्या, असं आमची ही म्हणते.

व्हिसा मिळाला तो मुख्यतः विहिरीमुळे, असं माझं मत आहे. इंग्लंडात गेलेला माणूस परत येईल, याची इंग्रजाला खात्री पटवावी लागते. मी पेन्शनचा आदेश जोडला, बँकेचं पासबुक जोडलं आणि शेवटी कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या जमिनीचा सात-बारा जोडला, इंग्रजी भाषांतरासह. त्यात चुलत्या-पुतण्यांची नावं, कूळ, कर्ज, शेरा आणि विहिरीतला सहावा हिस्सा, सगळं होतं. विहिरीतला सहावा हिस्सा भावकीच्या हवाली करून कोण शहाणा परदेशात राहील?

मुलगा स्लाउमध्ये राहतो. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोला इतकं लागून की परसात कपडे वाळत घालताना वर बघितलं, तर विमानाची चाकं उतरलेली दिसतात. या गावाला नावं ठेवणं हा इंग्रजांचा जुना छंद आहे. मला तर गाव भारदस्त वाटलं. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलनं आपली चाळीस फुटी दुर्बीण इथे उभी केली. मार्स नावाचं चॉकलेट 1932 साली पहिल्यांदा बनलं ते इथेच. त्याच 1932 मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ निघालं. आता स्लाउच्या दुकानात पोह्यांचा पुडा उचलताना मागून ‘जाड आहेत ते, पातळ घ्या’ असा सल्ला मराठीत मिळतो.

हीथ्रोवरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, “इथे काय करणार?” मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं, पण आमच्या हिनं मला कोपरानं सारलं आणि एकच शब्द सांगितला, “ग्रँडसन.” शिक्का बसला.

आता या ग्रँडसनची गंमत अशी, की पाहुण्यानं बिनपगारीही काम करता कामा नये असा इथला नियम आहे. आजीनं नातवाला सांभाळलेलं चालतं, पण भेट थोड्या दिवसांची हवी आणि सांभाळणं मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या नोकरीसारखं होता कामा नये. सून कामाला, मुलगा कामाला, पाळणाघराचे दर घराच्या हप्त्याशी स्पर्धा करणारे. ही पहाटे उठायची. नातवाचं दूध, दोघांचे डबे, मग बाबागाडी घेऊन बागेत, परत येऊन वरण-भात, मग झोपवणं. मी एकदा म्हटलं, “अगं, व्हिसावर काम करायची मनाई आहे.” ती म्हणाली, “मग हे तुम्ही करा. तुम्ही केलेलं कुणालाच काम वाटणार नाही.”

जूनमधली संध्याकाळ तिला सर्वांत जड गेली. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणायची तिची शिस्त, आणि सूर्य रात्री सव्वानऊपर्यंत खिडकीत ठाण मांडून. नातू साडेसातला झोपतो. शेवटी तिनं पडदे ओढले, दिवा लावला आणि अंधार झाला असं जाहीर केलं.

आम्ही इथेच राहावं, असं मुलाच्या मनात आलं. एका रविवारी त्यानं लॅपटॉप उघडून आमच्यासाठी वाटा शोधल्या. नुसतं बसून खायला येणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये पूर्वी खास व्हिसा होता. वय 60 च्या वर, वर्षाला 25,000 पौंडांचं स्वतःचं उत्पन्न, देशाशी घनिष्ठ संबंध, मग खुशाल राहा. ते दार 27 नोव्हेंबर 2008 ला बंद झालं. “दुसरं काय आहे?” मी विचारलं. दुसरं होतं 20 लाख पौंड गुंतवायचं. तेही फेब्रुवारी 2022 मध्ये बंद झालं, त्यामुळे नाही म्हणण्याची वेळ माझ्यावर आली नाही.

तिसरी वाट परावलंबी आईवडिलांची. 2012 च्या जुलैपासून तिचे नियम असे आहेत, की म्हाताऱ्याला रोजच्या गोष्टी, म्हणजे आंघोळ, कपडे, स्वयंपाक, दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमता कामा नयेत. ती मदत मायदेशी पैसे मोजूनही मिळत नाही, हे सिद्ध करायचं. अर्ज इथे बसून करता येत नाही, परत जाऊन करायचा. फी तीन हजार पौंडांच्या वर, आणि नाकारला तरी फी गेली. मुलगा वाचत होता, तेव्हा ही स्वयंपाकघरात संकष्टीचे मोदक वळत होती. मी तिच्याकडे बघितलं. एकेका मोदकागणिक आमचा अर्ज कमकुवत होत होता.

म्हणजे सहा महिने राहायचं, जायचं, पुन्हा यायचं. तेही सारखं सारखं केलं, तर ‘तुम्ही इथेच राहता की काय’ म्हणून विचारणार.

असा मी कायदेशीर रिकामा बसलेलो असताना पलीकडचे आजोबा कुंपणाशी आले. गोरे, टपाल खात्यातून निवृत्त, टोमॅटोवर फार जीव. त्यांना मात्र इंग्लंड सोडायचं होतं. नवरा-बायको दर हिवाळ्यात स्पेनमध्ये तोरेव्हिएखाला जायची, तिथे कायमचं राहायचं त्यांच्या मनात होतं. पूर्वी उठले की जात. ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, त्यांनाही आपल्यासारखाच हिशेब लागू झाला : कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस. त्यापुढे व्हिसा. ‘ब्रेक्झिट’ हा शब्द निघाला की आजी आजोबांकडे बघायच्या आणि आजोबा टोमॅटोकडे. मत कुणाला दिलं होतं, ते मी विचारलं नाही.

स्पेनकडे अजून तो व्हिसा आहे : काम न करता राहण्याचा. आजोबांनी कागदांची यादी दाखवली आणि माझ्या अंगात जुनं वारं आलं. उत्पन्न महिना 2,400 युरो हवं, बायको धरून 3,000. ब्रिटनची सरकारी पेन्शन पूर्ण मिळाली, तरी 2025-26 मध्ये ती आठवड्याला 230 पौंड 25 पेन्स होती. दोघांची मिळूनही रक्कम अपुरी पडत होती. टपाल खात्याची पेन्शन जोडली तेव्हा गाडी पुढे सरकली. मग पोलिसांचा दाखला की हा माणूस गुन्हेगार नाही. डॉक्टरांचा दाखला की याला 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत बसणारा रोग नाही. दाखल्यावर मिल्टन कीन्सच्या कार्यालयाचा अपोस्टील शिक्का. मग स्पेनच्या परराष्ट्र खात्यानं मान्य केलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून स्पॅनिश प्रत. ईएक्स-01 नावाचा अर्ज. 790 नावाचं चलन. शिवाय प्रत्येक कागद ताजा हवा. पोलिसांचा दाखला शिक्का मारून येईपर्यंत डॉक्टरांचा शिळा होणार. पहिली भाकरी निवते तोवर दुसरी तव्यावर, असा प्रकार.

आजोबा हे सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आले होते. पिशवी सुपरमार्केटची.

“याला अनुक्रमणिका नाही?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्यांची दया आली. ज्यांनी आमच्या देशाला फाइल शिकवली, त्यांच्या घरी पिशवी! मी कामाला लागलो. म्हणजे कामाला नव्हे. मुलानं संध्याकाळी मला खाली बसवून सांगितलं, “बाबा, इथे परवाना नसताना व्हिसाचा सल्ला देणं गुन्हा आहे. 1999 चा कायदा आहे.” मी तो कायदा त्याच्याकडूनच वाचून घेतला. तो ब्रिटनमध्ये येण्या-राहण्याच्या सल्ल्यापुरता आहे. स्पेनला जाण्याबद्दल कायदा गप्प होता. कचेरीत आम्ही अशा गप्प जागांवरच आयुष्य काढलं.

फाइलीला टॅग लागतो. हिरवी दोरी, दोन टोकांना धातूच्या पट्ट्या, भोकातून ओवून आडवी करायची. स्लाउच्या दुकानात मी हातवारे करून मागितला, तर पोरगेल्या विक्रेत्याला कळेना. आजोबा मात्र तडक आपल्या माळ्यावर गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन आले. टपाल कचेरीतून आणलेले, अस्सल हिरवे टॅग, मूठभर. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरकारी टॅग घरी येतात ते कसे, हे ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं.

मग त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कचेरी थाटली. पानांना लाल शाईनं क्रमांक, उजव्या कोपऱ्यात. मूळ प्रत वेगळी, छायाप्रती तीन-तीन. प्रत्येक प्रकरणाला चिठ्ठी. आजी चहा द्यायच्या, त्यात दूध इतकं जेमतेम की चहाला दुधाचा रंग येण्यापूर्वीच संपायचं. ‘स्पेनमध्ये का राहणार’ असं एक पत्रही जोडायचं ठरलं. आजोबांनी लिहिलं होतं, “आम्हाला तिथलं ऊन आवडतं.” कारण खरं होतं, पण फाइलीवर शोभत नव्हतं. मी मसुदा केला : मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो, की मी स्पेनमध्ये कोणत्याही प्रकारचं काम, धंदा, नोकरी वा उद्योग करणार नाही.

आजींनी चष्मा लावून तो वाचला. “शंभर टक्के खरं,” त्या म्हणाल्या. “साक्षीदार म्हणून मी सही करते. चाळीस वर्षांचा अनुभव आहे.”

अर्ज द्यायला लंडनला जायचं होतं. मी सोबत गेलो, बॅग मांडीवर घेऊन. पॅडिंग्टन स्टेशनात फलाट क्रमांक एकवर ब्राँझचं अस्वल आहे, गळ्यात चिठ्ठी, हातात सुटकेस. आजोबांनी त्याची कथा सांगितली : पेरू देशातून बोटीत लपून आलं, कागदपत्र काही नाही, आणि एका कुटुंबानं घरी नेलं. 2024 च्या सिनेमासाठी तर ब्रिटिश गृहखात्यानं त्याच्या नावाचा पासपोर्टही करून दिला, म्हणे. नमुन्याचा, पण गृहखात्याचा. मी अस्वलाभोवती एक फेरी मारली. सात-बारा कुठे दिसला नाही.

व्हिसा केंद्रातली मुलगी विशीतली होती. मी फाइल काउंटरवर ठेवली, अनुक्रमणिकेचं पान वर. तिनं ते पान उचललं, बाजूला ठेवलं, आणि मग दोन्ही टॅग ओढून काढले. माझ्या पोटात कालवलं. कागद तिनं आपल्या यादीप्रमाणे पत्त्यांसारखे लावले, पटापट टिका मारल्या आणि म्हणाली, “सगळं आहे.” आजोबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. पुढे तिनं माझ्याकडे बघून विचारलं, “आणि हे कोण? एजंट?”

इथे मला घाम फुटला. पाहुणा व्हिसा, बिनपगारी काम, परदेशातलं काउंटर.

“शेजारी,” आजोबा म्हणाले. “रिकामेच असतात.”

व्हिसा मिळाला, एक वर्षाचा. पुढे तिथे नूतनीकरण. आजोबांनी टोमॅटोची कुंडी आमच्या हिच्या स्वाधीन केली आणि ऑगस्टअखेर निघून गेले. आमचे सहा महिनेही भरत आले होते. टोमॅटोची कोशिंबीर करून आम्ही कोरेगाव गाठलं.

नोव्हेंबरात मी नेहमीप्रमाणे हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत उभा होतो. तेवढ्यात तोरेव्हिएखाहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आजोबा, मागे लख्ख ऊन, हातात एक फॉर्म. ब्रिटनच्या पेन्शन खात्यानं पाठवला होता. परदेशी राहणाऱ्या पेन्शनरानं आपण जिवंत असल्याचं लिहून, साक्षीदाराची सही घेऊन परत पाठवायचं.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं. “त्यांना माझा आवाज ऐकू येत नाही का?”

मी त्यांना रांग दाखवली. पुढे चौदा जण, सगळे जिवंत, प्रत्येकाच्या हातात तसाच कागद. “आधी दोन छायाप्रती काढा,” मी म्हटलं, “आणि पाठवलेल्याची पोच जपून ठेवा.”

“टॅग लावू?”

“लावा. पण या वेळी एकच.”