प्रस्ताव विचाराधीन आहे

जूनचा पहिला पाऊस पडून गेला की ती ओळखू येऊ लागते. ठाण्याला फास्ट लोकलमध्ये चढताना तिच्या डोक्यावर केस असतात. दादरला उतरताना केसांच्या आत कुठेतरी डोकं असतं. हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर गेला हे वेधशाळेला यंत्र सांगतं, तिला कानामागची बट सांगते. पिना, चाप, रबर, क्लचर असा चोख बंदोबस्त झुगारून केस चारी दिशांना निघतात. त्या संध्याकाळी घरी आल्याआल्या, पर्स टेबलावर टाकून ती जाहीर करते, "या वेळेला मी स्ट्रेटनिंग करूनच टाकणार आहे."

घरातलं कुणीही मान वर करत नाही.

मंत्रालयात काही फायली अशा असतात म्हणे, की ज्या मंजूर होत नाहीत आणि बंदही होत नाहीत. त्या फिरतात, त्यांच्यावर शेरे पडतात, नवी कागदपत्रं जोडली जातात आणि दर वर्षी त्यांची जाडी तेवढी वाढते. हिच्या केसांचं प्रकरण त्या जातीचं आहे. म्हणून मी तिला विचाराधीन बाई म्हणतो. ती एकटीदुकटी नाही. प्रत्येक सोसायटीत एक असतेच, मोठ्या ऑफिसात मजल्यागणिक एक. वय तिशी ते पन्नाशीच्या मध्ये कुठेही. बरं, निर्णयशक्तीत काही खोट आहे म्हणावं तर तसंही नाही. घर घ्यायच्या वेळी नवरा कार्पेट एरियाचा हिशेब करत होता, तेवढ्यात हिने टोकनचा चेक फाडला होता. मुलीची शाळा एका फोनवर ठरवली. प्रकरण भुवयांच्या वर सरकलं की मात्र गाडी अडते.

याला इतिहास आहे. या डोक्याविषयीचे सगळे निर्णय आजवर दुसऱ्यांनी घेतले. आजीने दर रविवारी खोबरेल तेल थापलं आणि शिकेकाईने न्हाऊ घातलं. आईने शाळेसाठी दोन वेण्या घातल्या, त्या इतक्या घट्ट की वर्गाच्या फोटोत ती सतत आश्चर्यचकित दिसते. मुलं साईबाबा म्हणायची. शिर्डीचे नव्हेत, पुट्टपर्तीचे. पुढे स्थळं बघायला येऊ लागली तेव्हा मावशीने तिचं डोकं टेबलावर आडवं ठेवून, केसांवर टॉवेल पसरून, वरून कपड्यांची इस्त्री फिरवली. पाहुणे येईपर्यंत केस सरळ होते. चहा होईपर्यंतही होते. पोहे आले तोवर ओट्यावरच्या वाफेने आपलं काम केलं होतं. (हे लग्न जमलं नाही, पण त्यात केसांचा हात नव्हता, मुलाला अमेरिकेत जायचं होतं.) एवढ्या सगळ्यांच्या हातांतून सुटून केसांचा कारभार अखेर जेव्हा हिच्याकडे आला, तेव्हा सत्ता हातात आल्यावर ती लगेच वापरून टाकायची घाई हिला का असावी?

तिची खरी ओळख व्हायची तर तिला पार्लरमध्ये बघायला हवं. ती अधूनमधून 'चौकशीला' जाते. पार्लरवाली तिला लांबून बघते आणि आपल्या हाताखालच्या मुलीला डोळ्यांनीच काहीतरी सांगते.

"या मॅडम! आज करूनच टाकू या ना. रिबाँडिंग आहे, स्मूदनिंग आहे, केराटिन, बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया... लेंथप्रमाणे साडेचारपासून पुढे."

"लेंथ कुठली धरता? आत्ता दिसतेय ती, की सरळ झाल्यावरची?"

प्रश्न बिनतोड आहे. हिचे केस वाळलेले असताना खांद्याला टेकतात आणि ओले असताना पार पाठीच्या मध्यावर येतात.

"सरळ झाल्यावरची, मॅडम."

"म्हणजे लांबी तुम्ही वाढवणार आणि वाढलेल्या लांबीचे पैसे मी द्यायचे?"

पार्लरवाली पाणी मागवते. मग विचाराधीन बाई चष्मा कपाळावर चढवते आणि बाटली उलटी करून पाठीमागची बारीक अक्षरं वाचायला घेते. इथून पुढे पार्लर कुणाचं आहे हे सांगणं कठीण होतं.

"रिबाँडिंगचं मला सांगू नका. केसांतलं केराटिन गंधकाच्या जोड्यांनी एकमेकाला धरून असतं. तुमचं ते थायोग्लायकोलेटचं क्रीम त्या जोड्या तोडणार, तुम्ही इस्त्रीने केस ताणून सरळ करणार, आणि मग न्यूट्रलायझर, म्हणजे पेरॉक्साइड, लावून त्याच जोड्या नव्या जागी जुळवणार. बरोबर?"

"बरोबर मॅडम," पार्लरवाली म्हणते. तिला यातला इस्त्रीपर्यंतचा भाग माहीत असतो.

"पण मुळाशी जे भोक आहे ते वाकडंच राहणार ना? त्यातून येणारा नवा केस कुरळाच येणार. महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे सहा महिन्यांनी वर मी आणि खाली कतरिना."

"मग टचअप करायचा मॅडम."

"त्याचे वेगळे?"

"वेगळे."

केराटिनवर ती याहून कडक बोलते. बाटलीवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' लिहिलेलं असतं. पुढच्या बाजूच्या लिखाणावर तिचा विश्वास नाही. "यात मेथिलीन ग्लायकॉल आहे का? मग ते पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइडच झालं. ग्लायऑक्सिलिक ॲसिड आहे? मग तुमची इस्त्री दोनशेच्या वर तापली की वाफेतून काय बाहेर पडतं?" फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 सालीच माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं, हे ती तारखेसकट सांगते. 2024 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलेली 26 वर्षांच्या तरुणीची हकिगतही तिला पाठ आहे: तीनदा स्ट्रेटनिंग केलं, तिन्ही वेळा किडनी बिघडली, आणि क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड निघालं. शेजारच्या खुर्चीत डोक्याला क्रीम लावून बसलेली मुलगी एव्हाना आरशातून हिच्याकडे टक लावून बघत असते. तिने उठून डोकं धुवून मागण्याच्या आत पार्लरवाली पुढे येते आणि अत्यंत मायेने म्हणते, "मॅडम, बसा, आयब्रो करून देते. पैसे राहू द्या."

परिसरात फुकट आयब्रो मिळवणारी ही एकमेव बाई आहे.

पण तिचा सगळ्यात लाडका मुद्दा निराळाच. 2023 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केस सरळ करण्याच्या उत्पादनांतल्या फॉर्मल्डिहाइडवर बंदीचा प्रस्ताव आणायचं ठरवलं. मुहूर्त धरला 2024 च्या एप्रिलचा. एप्रिल गेला. जुलै म्हणाले, तोही गेला. मग सप्टेंबर. मग पुढचं वर्ष. ही बातमी सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो तो बघण्यासारखा असतो. "एवढे शास्त्रज्ञ, एवढ्या प्रयोगशाळा असून त्यांचं ठरत नाहीये," ती नवऱ्याला म्हणते, "आणि तुम्ही मला विचारता की अजून ठरलं नाही का!"

नवऱ्याने असं काही विचारलेलं नसतं. तो या विषयावर विचारणं केव्हाच सोडून बसला आहे. सुरुवातीला त्याने "तुला आवडेल ते कर" असं म्हणून पाहिलं. त्यावर "म्हणजे तुम्हाला आहेत तसे आवडत नाहीत" हा निष्कर्ष निघाला. मग "आहेत तसेच छान आहेत" म्हणून पाहिलं. तेव्हा "म्हणजे माझ्यावर खर्च करायचा नाही" असं ठरलं. आता तो "हं" म्हणतो. हा "हं" त्याने इतका घोटून गुळगुळीत केलाय की त्यातून होकार, नकार, प्रेम, पैसा काहीही काढता येत नाही. सासूबाईंचं मत एकच आणि पहिल्या दिवसापासूनचं: "अगं, तेल लावत नाहीस, मग दुसरं काय होणार?" तिची आई याच्याशी पूर्ण सहमत आहे. दोन्ही घरांचं एकमत असलेला हा एकमेव विषय.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मात्र मागे कुणालाही न विचारता रिबाँडिंग करून टाकलं. विचाराधीन बाईला हा विश्वासघात वाटला, पण फुकटचा प्रयोग समोर चालत आलेला सोडणार कोण? तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, पिन लावायची नाही, कानामागे सारायचेसुद्धा नाहीत. झोपायचं ते उताणं, हालचाल न करता. त्या तीन रात्री ही मैत्रिणीला साडेदहाला फोन करून विचारत होती, "कुशीवर तर नाही ना वळलीस?" चौथ्या दिवशी मैत्रीण ऑफिसात आली ती शाम्पूच्या जाहिरातीतून उतरल्यासारखी. सगळा मजला बघायला आला. ही दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "सुरेख! पण डोकं लहान दिसतंय का गं?"

आणि मग काळच फिरला. 2016 मध्ये मिथिला पालकरने प्लास्टिकच्या पेल्यावर ठेका धरत 'ही चाल तुरुतुरु' म्हटलं आणि घरोघरच्या मावश्या, आत्या, ज्यांनी जन्मभर "जरा विंचर गं त्या झिंज्या" म्हटलं होतं, त्या अचानक "तिला बघ, किती गोड दिसतात कुरळे" म्हणू लागल्या. फायलीला नवीन पुरवणी जोडली गेली. केस सरळ करायचे की नाही हा आता साधा प्रश्न उरला नाही. आहेत तसे केस 'स्वीकारायचे' असतात हे समजलं, आणि स्वीकारायला सरळ करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो हेही.

लोरेन मॅसी नावाच्या बाईंनी 2001 साली 'कर्ली गर्ल' हे पुस्तक लिहिलं. त्यातला धर्म हिने अंगीकारला. सल्फेटचा शाम्पू वर्ज्य, सिलिकॉन वर्ज्य, कंगवा फक्त ओल्या केसांत आणि तोही कंडिशनर लावलेला असताना. टॉवेलऐवजी जुना टीशर्ट. नवऱ्याचा आवडता, कॉलेजच्या गॅदरिंगचा, बेपत्ता झाला तो असा. उशीला सॅटिनचा अभ्रा आला, त्यावरून नवऱ्याचं डोकं रात्रीतून दोनदा घसरून खाली येतं. जेल बाजारचं चालत नाही म्हणून जवस उकळून ते फडक्यातून गाळायचं. सासूबाईंनी चटणीसाठी गावाहून निवडून, भाजायला म्हणून आणलेले जवस एका रविवारी संपले.

"चटणी कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"डोक्यावर," नातीने सांगितलं.

याच काळात केसांना नंबर असतात हा शोध लागला. ओप्रा विन्फ्रेचे केस करणाऱ्या आंद्रे वॉकरने केसांची प्रतवारी लावून ठेवली आहे: एक म्हणजे सरळ, चार म्हणजे अगदी घट्ट कुरळे, आणि पोटात ए, बी, सी. रात्रभर आरशासमोर बसून, बटा बोटाला गुंडाळून, मान मोडून मागचं बघून सकाळी ती विजयी मुद्रेने बाहेर आली. "माझे थ्री-ए आहेत. मानेजवळ थोडे टू-सी."

नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "कन्फर्म आहे की वेटिंग?"

त्यानंतर आठवडाभर घरात रेल्वेचा विषय निघाला नाही.

माझ्यासारख्या माणसाने, ज्याच्या डोक्यावर विषयच शिल्लक राहिलेला नाही, या बाबतीत मत देणं शोभत नाही. तरी एक निरीक्षण नोंदवतो. विचाराधीन बाईला केस सरळ झालेले नको आहेत. ते कुरळे राहिलेलेही नको आहेत. तिला हवा आहे तो 'करू की नको' हा हक्काचा कोपरा, जिथे नवरा, सासू, आई, पार्लर, अमेरिकेचं सरकार सगळे तिच्या उत्तराची वाट बघत ताटकळले आहेत. घरात अशी दुसरी जागा तिला कुणी ठेवलेली नाही. आणि स्ट्रेटनिंगच्या खुर्चीत एकदाही न बसता ती या विषयातली आमच्या भागातली सर्वोच्च अधिकारी झाली आहे, हे तर कुणीच नाकारणार नाही. ज्यांना करायचं असतं त्या आधी हिला फोन करतात. करून पस्तावलेल्या नंतर करतात. खुद्द पार्लरवालीने परवा एका नव्या क्रीमच्या बाटलीचा फोटो पाठवून विचारलं, "ताई, हे घेऊ का?"

मध्यंतरी मात्र फाईल खरोखरच मंजुरीच्या टेबलावर आली होती. दिराच्या मुलाचं लग्न डिसेंबरात, साड्या ठरलेल्या, फोटोग्राफर महागातला. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली, पाचशे रुपये ॲडव्हान्स दिला. नवऱ्याने हर्षभरित होऊन "हं" म्हटलं. शुक्रवारी रात्री धाकटी जाऊ आली. जावेचे केस जन्मजात सरळ, इतके की गजरा माळला तर घसरून खाली येतो. ती बराच वेळ काही बोलेना. मग हळूच म्हणाली,

"ताई, हसू नका हं. लग्नासाठी मी पर्म करून घ्यावं म्हणते. तुमच्यासारखे कुरळे."

विचाराधीन बाईचे डोळे चमकले. पर्म! म्हणजे तेच थायोग्लायकोलेट, त्याच जोड्या तोडायच्या, तोच न्यूट्रलायझर. फक्त इस्त्रीच्या जागी रोलर. आणि त्याचा मूळपुरुष कार्ल नेसलर, ज्या जर्मन गृहस्थाने आपल्या यंत्राचे पहिले प्रयोग बायकोच्या डोक्यावर केले आणि पहिल्या दोन वेळा तिचे केस जाळून टाकले! इतका समृद्ध विषय, आणि इतकी वर्षं तो शेजारच्या डोक्यावर नुसता पडून होता.

"तू आधी बस इथे," ती म्हणाली. "घाई अजिबात करायची नाही. केस मोकळे सोड. मागे वळ बघू. अहो, तो ट्यूबलाइट लावा जरा. आणि माझा चष्मा द्या. आणि हो, त्या पार्लरवालीला कळवून टाका, उद्या आम्ही दोघी येतोय. फक्त चौकशीला."