मधली पाती

माझा भाचा अमेरिकेत विचिटाला असतो. आमच्या धारमध्ये घराआड एक मास्तर निघतो, तसा तिथे घराआड एक विमान बांधणारा निघतो म्हणे. परवा मी स्टँडवर बाग गावच्या बसची वाट बघत होतो, तेवढ्यात त्याचा फोन.

"मामा, सध्या पैसेवाल्यांना सुपर-मिडसाइज जेटच हवंय."

"म्हणजे केवढं?"

"मिडसाइजपेक्षा मोठं, लार्जपेक्षा लहान."

मला लगेच कळलं. माझी सासुरवाडी देवासची. एकाच गावात पूर्वी दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन पवार, दोन गाद्या, दोन दरबार. मधली पाती काढायची तेवढी राहून गेली होती, ती विचिटावाल्यांनी काढली.

बस आली. बाग इथून शंभराला दोनतीन कमी किलोमीटर. जागा अर्थातच नव्हती. एका हातात दांडी, दुसऱ्यात फोन.

"आत सहा फूट उंची असते, मामा. ताठ उभं राहता येतं!"

दोनशे कोटींच्या वर मोजायचे आणि उभं राहायचं! आमच्याकडे ही सोय तिकिटातच येते. शिवाय माझी उंची पाच फूट चार इंच. म्हणजे वरच्या आठ इंचांचे पैसे पाण्यात.

त्यानं नावं सांगितली: चॅलेंजर ३५००, गल्फस्ट्रीम जी२८०, सायटेशन लॉन्जिट्यूड, प्रीटर ६००. प्रीटर एका दमात ७,४०० किलोमीटर जातं. इंदूर ते लंडन ७,१०० च्या आसपास, म्हणजे वारा आडवा आला नाही तर मध्ये चहालासुद्धा थांबायला नको. आमची बस हात दाखवेल त्याच्यासाठी थांबत होती, आणि एकदा तर कुणी नुसतं डोकं खाजवलं म्हणूनही थांबली.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. लॉन्जिट्यूड ४१,००० फुटांवर असतं तेव्हाही आतल्या हवेचा दाब सहा हजार फुटांखालच्या उंचीवर असतो तेवढा ठेवतात. म्हणजे शरीराला वाटतं, आपण कळसूबाईच्या जरासे वर आलोत, इतकंच. नेहमीच्या विमानात हाच आकडा आठ हजारांपर्यंत जातो. मग उतरल्यावर डोकं जड होतं आणि आपण दोष देतो विमानातल्या उपम्याला.

"चौघं समोरासमोर बसतात, त्याला क्लब सीटिंग म्हणतात," भाचा म्हणाला. कुक्षीच्या जीपमध्ये मागे दहा जण समोरासमोर बसतात, गुडघ्यात गुडघे अडकवून. त्याला काय म्हणतात, ते कुणी सांगितलेलं नाही.

"आणि सामानाची खोली उडता उडता उघडता येते!"

नेमकं तेव्हाच टांडा गावाच्या अलीकडे ब्रेक लागला आणि शेजारच्या बाईंची पाटी उघडली. आमच्याकडे सामानच उडालं. दोन कोंबड्या ड्रायव्हरपर्यंत पोचल्या, तिसरी माझ्या खांद्यावर स्थिरावली.

बागला उतरलो आणि कापडावर छापे उठवणाऱ्या खत्र्यांच्या भट्टीवर गेलो. तांब्याच्या कढईत धावड्याच्या फुलांबरोबर कापड उकळत होतं. आधी मळकट दिसणारा छापा बघता बघता लाल होत गेला. लोखंडाच्या गंजापासून केलेला काळा तसाच ठाम राहिला. नदीवर धुतलेल्या चादरी दगडांवर पसरल्या होत्या. भाच्याला त्यातलीच एक हवी होती. कुणा साहेबाच्या जेटमध्ये सोफ्यावर टाकायला.

"मामा, तिथे जेट उतरेल का? दीड किलोमीटर सरळ, सपाट जागा लागते."

मी चालून बघितलं. शंभर पावलांवर रस्ता वळला, पुढे पन्नासावर टेकडी आली. सपाट म्हणावी अशी नदीच, आणि तिथे चादरी वाळत होत्या.

"चादरी काढायला सांगू का?" मी विचारलं. त्यानं फोन ठेवला.

परतीच्या बसलाही उभाच. "बाऊजी, आगे सरको, अभी बहोत जगह है," कंडक्टर म्हणाला. मी चादर पोटाशी धरून सरकलो. त्यानं माझ्या डोक्यापासून टपापर्यंत एकदा नजरेनं मोजलं आणि कुणाचं तरी गाठोडं त्या आठ इंचांत बसवून टाकलं.